दह्याच्या घरातली बिअर

जून लागला की टोकियोजवळच्या आमच्या ग्योतोकुच्या सुपरमार्केटात दाराशीच हिरव्यागार उमेच्या पिशव्या रचून ठेवतात. उमे म्हणजे इथलं जर्दाळूच्या जातीचं, कच्चं असताना दात आंबवणारं फळ. त्याच्या शेजारी काचेच्या मोठ्या बरण्या, खडीसाखरेची पाकिटं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातली पांढरी दारू. फळं, साखर, दारू असे थर बरणीत द्यायचे आणि वर्षभर विसरून जायचं, की झालं. आपल्याकडे लोणच्याच्या कैऱ्या निवडतात तशा इथल्या आज्या एकेक फळ हातात घेऊन फिरवून बघतात. मी शाळेतून दमून आलेली असते, एका हातात ओली छत्री, खांद्यावर तपासायच्या पेपरांची पिशवी, तरी तिथे थांबते. घ्यायचं काही नसतं. जराशानं दूध घेते आणि घरी जाते.

या दिवसांना इथे त्सुयु म्हणतात. पाऊस म्हणावा तर धड पडत नाही, थांबला म्हणावा तर छत्री मिटता येत नाही. कपडे खोलीतच दोऱ्यांवर लोंबत राहतात, चपलांच्या कपाटाला कुबट वास सुटतो, बरणीतल्या मिठाचा गोळा होतो. इथली माणसं त्याबद्दल फारशी कुरकुर करत नाहीत, तेवढं काम मी करते. मला हा ऋतू कधीच आवडला नाही. पण त्यातला एक त्सुयु मला अजून वासासकट आठवतो.

तेव्हा आम्ही ओजिमाला राहायचो, तिथल्या उंच सरकारी इमारतींपैकी एकीत. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. पुण्यामुंबईची मुलं प्रोजेक्टवर म्हणून विमानं भरभरून टोकियोला येत होती, आणि त्यांच्यामागून आमच्यासारख्या बायका, कुकर, गोडा मसाला आणि डिग्र्या घेऊन. कुकर आणि मसाला लगेच उपयोगी पडला. माझा नवरा मिलिंद एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करत होता. मी पुण्यात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि बिनपगारी रजा टाकून आले होते. ती रजा त्या जुलैअखेर संपत होती. परत जाऊन रुजू व्हायचं की नोकरी सोडायची, एवढा एकच प्रश्न घरात होता, आणि त्यावर आम्ही दोघंही एक अक्षर बोलत नव्हतो.

बोलणार तरी कधी? मिलिंद सकाळी बाहेर पडायचा आणि परत यायचा तेव्हा त्याच्यात जेवण्यापुरतंच त्राण उरलेलं असे. रविवारी तो जमिनीवर आडवा व्हायचा तो दुपार कलेपर्यंत. विचारलेल्याचं उत्तर द्यायचा, आपणहून काही बोलायचा नाही. लग्नाआधी हाच माणूस बालगंधर्वपासून डेक्कनपर्यंत चालता चालता मला बोलू द्यायचा नाही. आणि गंमत अशी, की मीही दमलेली असायचे. दोनदा घर पुसून, स्टेशनपर्यंत जाऊन येऊन आणि कचरा जळणारा, न जळणारा असा वेगळा करून माणूस किती दमेल? तरी मी सकाळी उठतानाच दमलेली असायचे. कामाचा शीण निदान झोपेत उतरतो, काही न करण्याचा उतरत नाही. हे मिलिंदला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग आराम कर ना. म्हणून सांगितलं नाही.

मे संपता संपता एका शनिवारी तो भलंमोठं खोकं घेऊन घरी आला. त्याच्या ऑफिसातले किमुरा-सान निवृत्त झाले होते आणि जाताना त्यांनी घरी बिअर करायचं आपलं सामान त्याला देऊन टाकलं होतं. झाकणाची प्लास्टिकची बादली, तिला खाली तोटी, एक लांब नळी, गोडीचा अंदाज घ्यायला पाण्यात तरंगणारी काचेची कांडी, आणि मोड आणलेल्या सातूच्या, काकवीसारख्या दाट माल्टचे डबे.

"किमुरा-सान म्हणाले, यात विशेष काही नसतं. नीट धुवायचं आणि वाट बघायची," मिलिंद म्हणाला.

"घरात बिअर करणार? दिवाळीत तुझी आई यायची आहे."

"दिवाळीपर्यंत उरली तर प्रश्न ना."

मी त्याच्याकडे बघितलं. कितीतरी महिन्यांनी तो बूट काढल्यावर लगेच आडवा न होता उभं राहून बोलत होता. म्हणून मी पुढे काही म्हटलं नाही, पण आतून चिडले. हातात येऊन जाऊन एक रविवार, आता तोही बादलीला.

इथल्या कायद्यानं घरी केलेल्या बिअरमधलं अल्कोहोल एक टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. डब्यावर तसं छापलेलंच होतं, आणि मिलिंदनं ते डिक्शनरी घेऊन अक्षर न् अक्षर लावलं. व्हिसावर राहणारा माणूस कायद्याला जितका भितो तितका देवालाही भीत नाही. तेव्हा माल्ट कमी आणि पाणी जास्त असं ठरलं. न चढणारी बिअर. शेजारच्या वर्षाताई, मूळच्या नागपूरच्या, बघायला आल्या आणि म्हणाल्या, "मंग हे ताकच झालं ना बाप्पा." त्या दिवशी आम्ही हसलो.

नवशिके सगळीकडे चुकतात, पण मिलिंदच्या चुका खास आपल्या घरच्या होत्या. डब्याबरोबर आलेल्या पत्रकात स्वच्छतेवर भर होता, म्हणून त्यानं बादली तारेच्या घासणीनं घासली, माझ्या सासूबाई पितळेचं पातेलं घासतात तशी. अति तिथे माती. प्लास्टिकवर बारीक ओरखडे उठतात आणि त्यात जंतू सुखानं नांदतात, तिथवर साबण पोचत नाही. यीस्ट घालायची वेळ आली तेव्हा त्यानं स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "विरजणाला दूध कसं लागतं?" मी म्हटलं, कोमट. त्यानं माल्टचं पाणी कोमटच ठेवलं. ते चांगलं गार व्हायला हवं होतं. ढवळायला माझा रोजचा डाव घेतला. आणि बादली नेऊन ठेवली ओशिइरेत, म्हणजे गाद्या ठेवायच्या भिंतीतल्या कपाटात, कारण विरजण लावलेलं भांडं मी तिथे ठेवायचे. घरातलं जे काही आंबायचं ते त्या कपाटात, अशी त्याची साधी समजूत होती.

शिवाय तो रोज झाकण उघडायचा. त्यांच्या ऑफिसात कामाची खबर सतत वर पोचवावी लागे. किती झालं, कुठे अडलं, उद्या काय, हे दिवसातून अनेकदा सांगायचं आणि मग उरलेल्या वेळात काम करायचं. त्याला त्याचा मनस्वी कंटाळा होता. घरी येऊन त्यानं तोच कारभार बिअरवर चालवला. झाकण उघडून वास घ्यायचा, डाव बुडवून चव बघायचा, चेहऱ्यावर काही न दाखवता झाकण लावायचा. मी म्हटलं, "तिला जरा एकटं सोड." तो म्हणाला, "नुसतं स्टेटस बघतोय."

पहिली बिअर उघडली ती आंबट निघाली. मिलिंदला तोंडात धरवत नव्हती. मिलिंदनं एकेक बाटली मोरीत ओतली, प्रत्येक बाटली विसळली, प्लास्टिकचा कचरा उचलायच्या दिवसासाठी वेगळ्या पिशवीत भरली. मी दारात उभी होते. त्याच्या पाठीकडे बघून मला कळत होतं की याला आता वाटतंय, आपल्याला एवढंही जमत नाही. मला त्याची फार दया आली. पण दया आली म्हणून जवळ जाता येतंच असं नाही.

त्याच आठवड्यात मी स्टेशनजवळच्या दुकानातून फोनचं कार्ड आणलं आणि आमच्या विभागप्रमुख मॅडमना फोन केला. त्यांनी मला शिकवलं होतं, त्यामुळे मी लेक्चरर झाले तरी त्यांच्या लेखी विद्यार्थिनीच होते.

"मेधा, अगं मी तरी किती दिवस जागा धरून ठेवू? जुलै संपायच्या आत रुजू हो, नाहीतर सरळ राजीनामा पाठव. मला माणूस नेमावा लागेल."

"कळवते मॅडम."

"मिलिंद काय म्हणतात?"

"अजून बोलणं झालेलं नाही."

"दोन खोल्यांच्या घरात राहता ना गं तुम्ही?" मॅडम म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. पण मी विषय काढला असता तर मिलिंद म्हणाला असता, तुला हवं ते कर. दमलेला माणूस दुसरं काय म्हणणार? मला त्याच्याकडून एक पूर्ण वाक्य हवं होतं, जा किंवा राहा. त्याला असं पेकाट मोडलेल्या अवस्थेत टाकून जाणं माझ्या जिवावर येत होतं, आणि राहिले तर माझ्यातली मी हळूहळू संपणार हेही दिसत होतं. गॅलरीत वाळत घातलेले कपडे हाताला ओलेच लागत, आणि मी ते पुन्हा आत आणून पंख्याखाली टांगत असे.

आता मी टोकियोच्या कोतो भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलं आपल्याकडचीच, पण मराठीत काही विचारलं की उत्तर जपानीत किंवा इंग्रजीत येतं. परवा वर्गात पाव फुगवायचा प्रयोग केला. कणीक मळून, यीस्ट घालून खिडकीशी ठेवली. एका मुलीनं विचारलं, "मॅम, यीस्टला कळतं कसं, कधी स्टॉप करायचं ते?" मी म्हटलं, त्याची साखर संपली की ते थांबतं. ती म्हणाली, "आणि साखर आहे, पण टायर्ड झालं तर?" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि पुढच्या बाकाकडे वळले.

तेव्हा बिअर दुसऱ्यांदा लावताना मिलिंदनं पत्रक पुन्हा वाचलं. माल्टचं पाणी चांगलं गार होऊ दिलं, मगच यीस्ट घातलं. झाकण फार वेळा उघडलं नाही, म्हणजे त्याच्या मानानं. तरी ती आंबट झाली. वर पातळ पांढुरकी साय धरली होती. तो बादलीशी उकिडवा बसून राहिला. मग म्हणाला, "किमुरा-सानना सांगणार नाही मी. त्यांना वाटेल, यांना दिलं आणि यांनी फुकट घालवलं."

त्या दिवशी मी पहिल्यांदा ती चाखली. तोवर बिअर मी कधी तोंडाला लावलेली नव्हती. आमच्या घरी बाटली या शब्दाचा अर्थ औषधाची बाटली असाच होता. एक टक्क्याच्या आतली आहे, अशी मनाची समजूत घालून मी चमचा जिभेला लावला आणि तिथेच थांबले. ही चव माझ्या ओळखीची होती. माल्टच्या कडवट गोडीखाली ती स्वच्छ, थंड आंबटाई होती, जी मी रोज जेवताना खात होते.

हे आमच्याच घरचं दही होतं.

पुण्याहून येताना मी आईकडचं विरजण आणलं होतं. सुती फडक्याची पट्टी घट्ट दह्यात भिजवायची, सावलीत वाळवायची, कागदाच्या पुडीत बांधून सामानात टाकायची. इथे आल्यावर कोमट दुधात ती पट्टी सोडली, दोन-तीनदा लावल्यावर दही पहिल्यासारखं लागायला लागलं. तेव्हापासून ते एक दिवस खंडलं नव्हतं. तोच डाव, तेच कपाट, तेच भांडी पुसायचं फडकं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण ओळखीची चव म्हणजे पुरावा नव्हे, हे मी वर्षानुवर्षं मुलांना बजावत आले होते. शनिवारी संध्याकाळी दोन वाट्या उकळत्या पाण्यातून काढल्या. दोन्हींत तापवून कोमट केलेलं सारखंच दूध घातलं. एकीत नव्या चमच्यानं ती आंबलेली बिअर घातली, दुसरीत काहीच नाही. दोन्हींवर झाकण ठेवलं. मिलिंदनं विचारलं, "काय करतेस?" मी म्हटलं, "नुसतं स्टेटस बघतेय."

रविवारी सकाळी उठल्याउठल्या मी वाट्या बघितल्या. एकीत दूध दूधच होतं. दुसरी कलती केली तर हललं नाही. कडेला हिरवट निवळ सुटलेली, मध्ये घट्ट पांढरी कवडी. मी ती वाटी मिलिंदपुढे नेऊन धरली.

"ही तुझी बिअर."

त्यानं बघितलं. "हे दही आहे."

"तेच सांगतेय."

त्यानं माझ्या हातातून चमचा घेतला, थोडं खाल्लं आणि विचारात पडला. "छान लागलंय गं," म्हणाला. मग खाली बसला आणि हसायला लागला. आधी घशातल्या घशात, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याचं ते हसणं मी विसरून गेले होते. मलाही हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडू आलं. ते त्यानं बघितलं की नाही, मला माहीत नाही.

"पण किमुरा-सानची कशी बिघडायची नाही?" त्यानं विचारलं.

"त्यांच्या घरी दही लागत नव्हतं," मी म्हटलं. मग त्याला नीट समजावलं. आमची बिअर मुळात फार अशक्त होती. बिअरमधलं अल्कोहोल तिचा राखणदार असतो, तो आम्ही कायद्याला भिऊन एक टक्क्याच्या आत बसवला होता. हॉप्स नावाच्या फुलांचा कडूपणा दह्याच्या जंतूंना आवरतो, माल्टमध्ये असलेला तोही पाणी वाढवून पातळ केला होता. त्यात त्सुयुची ऊब. दह्याला याहून मोकळं रान कुठे मिळणार? "अशी हलकी बिअर करायची असेल तर कडक बिअरपेक्षा दुप्पट सोवळं पाळावं लागेल," मी म्हटलं. सोवळं हा शब्द माझ्या तोंडून कसा आला कोण जाणे, पण त्याला तो लगेच समजला.

"मग आता काय करायचं?"

"आता तू बाजूला हो," मी म्हटलं.

घरात दही बंद झालं. मिलिंदला शेवटचा भात दह्याशिवाय उतरत नाही, त्यानं लोणच्याबरोबर गिळला. विरजणाचं भांडं वर्षाताईंकडे पोचवलं. "कायचं व्रत हाय हे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "बिअरसाठी दही सोडलं, असं सासूले सांगजो नको." ओरखडलेली बादली टाकून नवी आणली, मऊ स्पंजानं धुतली, ब्लीचच्या पाण्यात नळी आणि तोटी बुडवून ठेवली, उकळून निवलेल्या पाण्यानं विसळली. ओळखीच्या घरांतून सोड्याच्या रिकाम्या बाटल्या जमवल्या, एकेकीत नाक घातलं. एकीला मठ्ठ्याचा वास आला, ती तिथल्या तिथे बाद. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आमचं तर ताकानंच पोळलं होतं.

मी डोक्याला फडकं बांधून ओट्याशी उभी राहिले. डब्यातला माल्ट उकळत्या पाण्यात विरघळताना भाजलेल्या सातूसारखा वास घरभर पसरला. पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केलं. हाताच्या पाठीला थंड लागलं तेव्हाच यीस्ट सोडलं. बादली ओशिइरेत न ठेवता न्हाणीघरातल्या टबात गार पाण्यात ठेवली आणि ते पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं. आम्ही टबाबाहेर पाटावर बसून, तपेलीनं पाणी घेऊन, पुण्यासारखी आंघोळ करायला लागलो. मिलिंदचा हात झाकणाकडे गेला की मी म्हणायचे, "हात मागे." तो मुकाट्यानं हात मागे घ्यायचा. आत काय चाललंय ते न बघता राहणं त्याला किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. मग एका रात्री जेवताना तो आपणहून म्हणाला, "मलाही कुणी असं आठवडाभर झाकून ठेवायला हवं."

मी पानातून वर बघितलं. मला वाटलं आता तो बोलेल. तो आमटी वाढून घेत होता.

काचेची कांडी एकाच रेषेवर थांबलेली दिसल्यावरच बाटल्या भरल्या. घाईत, आंबणं संपायच्या आत भरली तर बाटलीत हवा कोंडते आणि बाटली फुगते, हे मी त्याला दोनदा सांगितलं. प्रत्येक बाटलीत साखरेचा सपाट चमचा. मिलिंदचा हात सढळ, तो शिगेचा भरायला गेला, तो मी बोटानं सपाट केला. नळीचं टोक बाटलीच्या तळाशी टेकवायचं, फेस होऊ द्यायचा नाही, मानेत थोडी जागा सोडायची. तो धरायचा, मी भरायचे, तो बूच पिळायचा. बाहेर पाऊस आणि आत ओले कपडे. आम्ही अगदी जवळजवळ बसलो होतो आणि बोलत होतो, कितीतरी बोलत होतो, पण सगळं नळीबद्दल आणि फेसाबद्दल. जुलै कुठवर आलाय, हे दोघांनाही माहीत होतं. भिंतीवरचं कॅलेंडर तो नजर चुकवून ओलांडायचा, मीही ओलांडायचे.

मग बाटल्या मुरायला ठेवल्या. प्लास्टिकच्या बाटलीचा एक फायदा असतो, दाबून बघता येतं. हळूहळू त्या टणक होत गेल्या. मिलिंद ऑफिसला जाताना दारातून परत यायचा आणि एखादी दाबून जायचा. तेवढं मी त्याला करू दिलं.

ज्या रविवारी उघडायची ठरली, त्या दिवशी कधी नव्हे ते थोडं ऊन पडलं होतं. मी आदल्या दिवशी बाटल्या फ्रिजात ठेवल्या होत्या. त्यानं दोन पेले काढले, हळूच बूच फिरवलं. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. पेल्यात फिकट सोनेरी, वर बोटभर फेस. त्यानं घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मीही घेतला. कडवट, हलकी, स्वच्छ. दह्याचा मागमूस नव्हता. फार थोर बिअर होती असं मी म्हणणार नाही, पातळच होती. पण ती बिअर होती.

"नेमकं काय काय बदललंस, सगळं एकदा सांग," मिलिंद म्हणाला.

मी सांगायला लागले. ओरखड्यांत जंतू कसे राहतात, उबेत कोण आधी वाढतं, आंबटपणा आला की यीस्टची कशी अडचण होते, दोन वाट्यांमधली ती नुसत्या दुधाची वाटी का महत्त्वाची. दुकानाच्या कागदी पिशवीच्या पाठीवर पेनानं जंतूंचे आकार काढले, गोल, लांबट, साखळीसारखे. तो मध्ये मध्ये विचारत होता, अडवत होता, मी पुन्हा सांगत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे, माझे हात हलताहेत, आणि तो जमिनीवर मांडी घालून वर बघतोय.

"कॉलेजात असंच शिकवायचीस?"

"असंच. तिथे फळा होता."

"मुलं ऐकायची?"

"प्रॅक्टिकलला दाटी व्हायची. शेवटच्या तासाला हाकलावं लागायचं त्यांना."

तो पेला हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मग इथे मला एकट्याला काय शिकवत बसलीस?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी म्हटलं, "आणि तू?"

"मी दमलोय, मेधा. ते तुलाही माहीत आहे. पण तू इथे राहिलीस म्हणून माझं दमणं कमी होत नाही. एकाऐवजी दोघं दमतो, इतकंच." मग तो म्हणाला, "कधीपासून सांगणार होतो. तू गेलीस तर घरी आल्यावर कुणी नसेल, म्हणून धीर होत नव्हता."

हे ते पूर्ण वाक्य होतं, ज्याची मी वाट बघत होते. ऐकलं तेव्हा आनंद झाला नाही. मी त्याच्याशेजारी खाली बसले, आणि उरलेली बिअर आम्ही संपवली.

मी गेले. जुलै संपायच्या आत रुजू झाले. लोकांनी बोलायचं ते बोललंच. इकडच्या बायका म्हणाल्या, नवऱ्याला उपाशी टाकून गेली. तिकडच्या म्हणाल्या, परदेश मिळूनही हिला टिकवता आला नाही. मिलिंद वर्षभरात येणार होता. त्याचा करार वाढला, मग आणखी वाढला. चार वर्षं आमचा संसार फोनवर झाला. ती वर्षं सोपी होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. शेवटी त्याला तिकडे येता आलं नाही, तेव्हा मीच परत इकडे आले. पण या वेळी अनुभव गाठीला होता, तो बघूनच इथल्या शाळेनं मला घेतलं. मिलिंद आता लवकर घरी येतो. केस गेले, पण रविवारची झोप तेवढी राहिली.

पुण्यातला कॉलेजचा पहिला दिवस मात्र मला अजून लख्ख आठवतो. पावसानं वर्गाच्या खिडक्या लावलेल्या, पंखे घरघरत होते, मागच्या बाकापर्यंत ऐकू जावं म्हणून मला ओरडून शिकवावं लागत होतं. लागोपाठ तास झाले. मधल्या सुट्टीत मॅडमनी चहा पाठवला, तो प्यायला वेळ मिळाला नाही. संध्याकाळी घरी आले तेव्हा केसांत खडूची भुकटी होती आणि टाचा ठणकत होत्या. तेवढ्यात मिलिंदचा फोन आला. त्याच्याकडे अंधार पडून बराच वेळ झाला असणार, आणि तो अजून ऑफिसातच होता, मागे कुणीतरी जपानीत बोलत होतं.

"तुझा आवाज असा का येतोय?" त्यानं विचारलं.

"घसा बसलाय. दिवसभर ओरडत होते."

"दमलीस?"

"खूप. पण आज झोप लागेल."

तो म्हणाला, "बरं झालं."